पाखरांचा सखा : पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सलीम अली

सोलापूर शहरापासून बार्शीच्या रस्त्याने सुमारे वीस किलोमीटर गेले की नान्नज गाव लागते. गावाच्या आसपास कुसळी गवताचे सपाट माळ पसरलेले आहेत. अनोळखी माणसाला ही जमीन उजाड वाटते. परंतु याच माळावर काळविटांचे कळप चरतात, लांडगा आणि खोकड यांचा वावर असतो, चंडोल गातात, धाविक पक्षी ढेकळांतून तुरुतुरु पळतात. आणि याच माळाने एकेकाळी सोलापूरचे नाव जगभरच्या पक्षिप्रेमींपर्यंत पोहोचविले, ते माळढोक या पक्ष्यामुळे. माळढोकाच्या रक्षणासाठी देशात ज्यांनी सर्वप्रथम आणि सातत्याने आवाज उठविला, त्यांत अग्रक्रमाने घ्यावे असे नाव म्हणजे डॉ. सलीम अली. आपल्या धर्मप्रांतातील भाविकांना त्यांचे नाव ठाऊक असले, तरी त्यांच्या जीवनात दोन येशूसंघीय धर्मगुरूंचे स्थान होते, हे फारसे ठाऊक नसते. त्यांचा जीवनपट येथे थोडक्यात मांडत आहोत.

पोरके बालपण आणि एक रानचिमणी

सलीम मोइजुद्दीन अब्दुल अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत एका सुलेमानी बोहरा कुटुंबात झाला. भावंडांत ते सर्वांत धाकटे. ते एक वर्षाचे असताना वडील वारले आणि तीन वर्षांचे असताना आईही गेली. मामा अमीरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांना अपत्य नव्हते. खेतवाडीतील आपल्या घरी त्यांनी या पोरक्या भाच्यांना पोटच्या मुलांप्रमाणे वाढविले. प्रसिद्ध स्वातंत्र्यसैनिक अब्बास तय्यबजी हेही त्यांच्या याच आजोळच्या घराण्यातील.

मामा शिकारीचे शौकीन होते. लहानग्या सलीमला त्यांनी छर्‍याची बंदूक घेऊन दिली. साधारण दहा वर्षांचे असताना सलीम यांनी त्या बंदुकीने एक चिमणी टिपली. हातात घेतल्यावर तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका दिसला. नेहमीच्या चिमणीला असा ठिपका नसतो. हा पक्षी खाण्यास योग्य आहे की नाही, अशी शंका येऊन त्यांनी तो मामांना दाखविला. मामा बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सभासद होते. त्यांनी चिठ्ठी देऊन भाच्याला सोसायटीचे मानद सचिव वॉल्टर मिलार्ड यांच्याकडे पाठविले. त्या इंग्रज गृहस्थांनी या मुलाला परत पाठविले नाही. चिमणीची जात सांगितली, पेंढा भरून ठेवलेल्या पक्ष्यांचे कप्पे एकामागून एक उघडून दाखविले आणि वाचावयास पुस्तकेही दिली. १८८३ साली स्थापन झालेल्या या संस्थेशी त्या दिवशी सलीम अलींचे जे नाते जडले, ते अखेरपर्यंत टिकले.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे नोंदविली पाहिजे. पक्ष्यांच्या या मित्राची वाटचाल बंदुकीपासून सुरू झाली. पुढेही शास्त्रीय अभ्यासासाठी पक्ष्यांचे नमुने गोळा करणे त्यांनी आवश्यक मानले. दुर्बीण आणि कॅमेरा यांच्या आजच्या काळात आपल्याला हे खटकेल. मात्र त्या काळी पक्ष्याची जात निश्चित करण्याचा दुसरा खात्रीचा मार्ग नव्हता, आणि अशा नमुन्यांतून मिळालेल्या ज्ञानावरच पुढील संरक्षणाची उभारणी झाली.

फादर ब्लॅटर यांची पारख

शाळेत सलीम हुशार म्हणून गणले गेले नाहीत. डोकेदुखीच्या विकाराने त्यांना हैराण केले होते. १९१३ साली ते मॅट्रिकची परीक्षा कसेबसे उत्तीर्ण झाले आणि मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात दाखल झाले. पहिलेच वर्ष जड गेले. शिक्षण सोडून ते ब्रह्मदेशातील तवॉय येथे गेले. तेथे कुटुंबाचा टंगस्टनच्या खाणीचा आणि लाकडाचा व्यवसाय होता. व्यवसायापेक्षा त्यांचे मन भोवतालच्या जंगलातील पाखरांतच अधिक रमले.

१९१७ साली ते मुंबईस परतले आणि दावर्स कॉलेजात व्यापारी कायदा व हिशेबशास्त्र शिकू लागले. पोटापाण्याचा विचार केला तर मार्ग योग्यच होता. परंतु सेंट झेवियर्समधील फादर एथेलबर्ट ब्लॅटर यांनी या तरुणाची खरी ओढ ओळखली. फादर ब्लॅटर (१८७७–१९३४) हे स्वित्झर्लंडहून आलेले येशूसंघीय धर्मगुरू होते. भारतातील वनस्पतींचे ते मोठे अभ्यासक होते. त्यांच्या नावाचे वनस्पतिसंग्रहालय आजही सेंट झेवियर्समध्ये आहे. त्यांनी सलीम यांना प्राणिशास्त्र शिकण्यास प्रवृत्त केले. सकाळी दावर्समध्ये हिशेबाचे वर्ग आणि त्यानंतर झेवियर्समध्ये प्राणिशास्त्राचे, असा क्रम सुरू झाला आणि त्यांनी तो अभ्यासक्रम पूर्ण केला. मुसलमान घरातील, परीक्षांत मागे पडलेल्या एका विद्यार्थ्याचे देणे एका ख्रिस्ती धर्मगुरूने हेरले आणि त्याला त्याच्या वाटेवर आणून सोडले. आपल्या शाळा-महाविद्यालयांनी अभिमान बाळगावा आणि अनुकरणही करावे, अशी ही घटना आहे.

अपयशांची मालिका

डिसेंबर १९१८ मध्ये सलीम यांचा विवाह तहमीना बेगम यांच्याशी झाला. विवाहानंतर ते पुन्हा ब्रह्मदेशात गेले, परंतु व्यवसाय बुडाला आणि त्यांना मुंबईस परतावे लागले. भारतीय प्राणिसर्वेक्षण विभागात पक्षिशास्त्रज्ञाची जागा होती. विद्यापीठाची पदवी नसल्यामुळे ती त्यांना मिळू शकली नाही. १९२६ साली मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स वस्तुसंग्रहालयात निसर्गविभागात मार्गदर्शक व्याख्याता म्हणून त्यांना दरमहा साडेतीनशे रुपयांची नोकरी लागली. पुढे रजा घेऊन ते जर्मनीला गेले आणि बर्लिनच्या प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयात प्राध्यापक एर्विन श्ट्रेझमान यांच्या हाताखाली शिकले. श्ट्रेझमान यांना ते आयुष्यभर गुरू मानीत. १९३० साली ते परतले तेव्हा निधीअभावी त्यांची जागाच रद्द झाली होती.

वय चौतीस, हाती पदवी नाही, नोकरी नाही. पतिपत्नी मुंबईचे घर सोडून अलिबागजवळच्या किहीम या समुद्रकाठच्या गावी राहावयास गेली. घराजवळच सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. पावसाळ्याचे महिने सलीम यांनी लपणात बसून या पाखरांचे निरीक्षण करण्यात घालविले. मराठीत आपण या पक्ष्याला सुगरण म्हणतो, परंतु ते देखणे घरटे विणतो तो नर. अर्धे घरटे विणून झाले की मादी येऊन ते पारखते. पसंत पडले तर ती तेथे राहते आणि नर ते पुरे करतो. त्यानंतर तो दुसरे घरटे विणावयास घेतो आणि दुसर्‍या मादीची वाट पाहतो. ही रीत सलीम अलींनी किहीमला तपशिलाने नोंदविली आणि त्या लेखाने पक्षिशास्त्रज्ञ म्हणून त्यांचे नाव झाले. जो काळ जगाच्या दृष्टीने बेकारीचा होता, तोच त्यांच्या अभ्यासाचा सुपीक काळ ठरला.

गावोगावची पाहणी आणि पुस्तके

त्यानंतर त्यांना काम सापडले. अनेक संस्थानांतील पक्ष्यांची पद्धतशीर पाहणी झालेली नव्हती. संस्थानाने प्रवासखर्च द्यावा आणि आपण वेतनाशिवाय पाहणी करावी, असा त्यांनी प्रस्ताव मांडला. १९३१-३२ मध्ये त्यांनी हैदराबाद संस्थानाची पाहणी केली. या संस्थानाची हद्द तेव्हा सोलापूरला लागूनच होती. पुढे त्रावणकोर, कोचीन, भोपाळ, कच्छ असे अनेक प्रदेश त्यांनी पायी, बैलगाडीने, मिळेल त्या वाहनाने पालथे घातले. तहमीना बेगम या प्रवासांत त्यांच्याबरोबर असत. तंबूतले कष्टाचे जीवन त्यांनी आनंदाने स्वीकारले. १९३९ साली एका किरकोळ शस्त्रक्रियेनंतर त्यांचे निधन झाले. सलीम अलींवर हा मोठा आघात होता. त्यांनी पुन्हा विवाह केला नाही. बहीण आणि मेहुणे यांच्या घरी ते राहू लागले आणि त्यांनी स्वतःला कामात झोकून दिले.

१९४१ साली त्यांचे भारतीय पक्ष्यांवरील सचित्र पुस्तक प्रसिद्ध झाले. पक्षी ओळखणे हा तोवर मुख्यतः इंग्रज अधिकार्‍यांचा छंद होता. या पुस्तकामुळे शाळकरी मूल, शिक्षक, कारकून अशा कोणालाही तो जोपासता येऊ लागला. त्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. पुढे अमेरिकन शास्त्रज्ञ सिडनी डिलन रिप्ले यांच्यासमवेत त्यांनी भारतीय उपखंडातील पक्ष्यांचा दहा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. हे खंड १९६८ ते १९७४ या काळात प्रकाशित झाले. ग्रंथ पूर्ण झाला तेव्हा त्यांचे वय सत्त्याहत्तर होते.

स्वातंत्र्यानंतर नॅचरल हिस्टरी सोसायटी आर्थिक अडचणीत आली. सलीम अलींनी पंतप्रधान पंडित नेहरूंकडे मदत मागितली आणि संस्था वाचली. सोसायटीच्या नियतकालिकाचे संपादन त्यांनी दीर्घकाळ केले. या कामात त्यांचे सहकारी होते फादर हर्मेनेगिल्ड सांतापाऊ (१९०३–१९७०). स्पेनमध्ये जन्मलेले हे येशूसंघीय धर्मगुरू वनस्पतिशास्त्रज्ञ होते. त्यांनी भारताचे नागरिकत्व पत्करले, भारतीय वनस्पतिसर्वेक्षण विभागाचे संचालकपद भूषविले आणि १९६७ साली त्यांना पद्मश्री मिळाली. एक धर्मगुरू झाडांचा आणि एक बोहरी गृहस्थ पाखरांचा जाणकार. दोघांनी मिळून देशाच्या निसर्गाची नोंदवही सांभाळली.

माळढोक आणि सोलापूर

माळढोक हा उडू शकणार्‍या पक्ष्यांपैकी सर्वांत जड पक्ष्यांत मोडतो. त्याची उंची सुमारे एक मीटर असते आणि नराचे वजन पंधरा किलोपर्यंत जाऊ शकते. तो झाडावर बसत नाही. नाकतोडे, भुंगेरे, सरडे, धान्य आणि बोरांसारखी फळे हे त्याचे अन्न. विणीच्या काळात नर गळ्याची पिशवी फुगवून घुमतो आणि तो खर्जातील आवाज माळावर दूरवर ऐकू जातो. मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते आणि एकटीच ते उबविते. ते अंडे गुरांच्या पायाखाली गेले किंवा कुत्र्याने खाल्ले, तर तो हंगाम बहुतेक वाया जातो.

भारताचा राष्ट्रीय पक्षी कोणता असावा, याची चर्चा झाली तेव्हा सलीम अलींनी माळढोकाची बाजू जोरदारपणे मांडली होती. मोर देशभर आढळतो आणि लोकांना प्रिय आहे, त्याला फारसा धोका नाही. माळढोकाला मात्र लक्ष वेधले गेले तरच जगण्याची आशा होती. १९६३ साली मोराची निवड झाली. परंतु सलीम अलींनी माळढोकाचा पाठपुरावा सोडला नाही.

सत्तरच्या दशकात सोलापूरचे पक्षिनिरीक्षक बी. एस. कुलकर्णी यांनी नान्नजच्या माळढोकांकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. १९७९ साली सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांतील सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटर क्षेत्र माळढोक अभयारण्य म्हणून जाहीर झाले. त्याच वर्षी पोप दुसरे जॉन पॉल यांनी असिसीचे संत फ्रान्सिस यांना पर्यावरणाचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले, हा योगायोग आपण लक्षात ठेवण्यासारखा आहे. १९८० च्या दशकात सोसायटीच्या संशोधकांनी नान्नजसह देशातील काही माळांवर राहून माळढोकाच्या जीवनक्रमाचा अभ्यास केला. सलीम अली तेव्हा ऐंशीच्या घरात होते आणि त्यांचे मार्गदर्शन या कामामागे होते.

या अभयारण्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. एवढ्या विस्तीर्ण क्षेत्रात हजारो शेतकर्‍यांच्या खासगी जमिनी आल्या. जमिनीच्या व्यवहारांवर बंधने आली आणि पक्ष्याविषयी गावांत नाराजी पसरली. पुढे अभयारण्याचे क्षेत्र कमी करून सुमारे बाराशे चौरस किलोमीटरवर आणण्यात आले. दरम्यान माळ नांगरले गेले, ज्वारी-बाजरीच्या जागी ऊस आला, विजेच्या तारा आल्या. माळढोकाला समोरचे नीट दिसत नाही आणि जड शरीरामुळे त्याला ऐन वेळी वळता येत नाही, त्यामुळे तारांवर आदळून तो मरतो. आज जगात जेमतेम दीडशेच्या आसपास माळढोक उरले असावेत आणि त्यांतील बहुतेक राजस्थानात आहेत. तेथे जैसलमेर भागात २०१९ पासून कृत्रिम प्रजननाचा प्रयत्न सुरू आहे आणि पिल्ले वाढविण्यात यशही येत आहे. नान्नजला मात्र गेल्या काही वर्षांत एखाददुसरा माळढोक क्वचितच दिसला आहे.

सन्मान आणि अखेर

सलीम अलींना १९५८ साली पद्मभूषण आणि १९७६ साली पद्मविभूषण मिळाले. सत्तरच्या दशकातच त्यांना वन्यजीवसंरक्षणाचा जागतिक कीर्तीचा गेटी पुरस्कार लाभला. त्याची रक्कम त्यांनी सोसायटीच्या कार्यासाठी दिली. राजस्थानातील भरतपूरची पाणथळ जागा आणि केरळमधील सायलेंट व्हॅलीचे जंगल वाचविण्यात त्यांचा मोलाचा वाटा होता. १९८५ साली त्यांची राज्यसभेवर नियुक्ती झाली. त्याच वर्षी त्यांचे इंग्रजी आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. चिमणीचे पडणे असा त्याच्या नावाचा अर्थ. लहानपणी बंदुकीने पडलेली ती रानचिमणी त्यामागे आहेच. परंतु ख्रिस्ती वाचकाला हे नाव वाचताच संत मत्तयलिखित शुभवर्तमानातील प्रभू येशूची शिकवण आठवल्यावाचून राहत नाही. कवडीमोलाने विकली जाणारी चिमणीदेखील स्वर्गीय पित्याच्या नकळत भूमीवर पडत नाही, असे प्रभूने आपल्या शिष्यांना समजावले होते.

२० जून १९८७ रोजी वयाच्या नव्वदाव्या वर्षी कर्करोगाने मुंबईत त्यांचे निधन झाले. गोव्यातील चोडण बेटावरील पक्षी अभयारण्याला त्यांचे नाव देण्यात आले आहे. कोइमतूर येथे त्यांच्या नावाची पक्षिसंशोधन संस्थाही आहे.

आपल्यासाठी बोध

सलीम अली रूढ अर्थाने धार्मिक नव्हते. बालपणी अर्थ न कळता पाठ कराव्या लागलेल्या प्रार्थना आणि काही वडीलधार्‍यांचा दांभिकपणा यांमुळे त्यांचे मन कर्मकांडापासून दूर गेले. धर्मगुरू या नात्याने हे वाचताना वाईट वाटते. परंतु ते दडवून त्यांना आपल्या साच्यात बसविणे योग्य नव्हे. उलट, हा आपल्यासाठीच प्रश्न आहे. ज्याने प्रार्थनेकडे पाठ फिरविली, त्याने परमेश्वराच्या निर्मितीकडे पंचाहत्तरहून अधिक वर्षे एकाग्रतेने पाहिले. आपण दर रविवारी आकाश व पृथ्वी यांच्या निर्माणकर्त्यावरील श्रद्धा प्रकट करतो आणि चर्चच्या आवारात कोणता पक्षी घरटे बांधतो, हे मात्र आपल्यातील किती जणांना सांगता येईल? पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली लाउदातो सी या परिपत्रकातून हेच शिकविले की प्रत्येक जीवाला परमेश्वरापुढे स्वतःचे मोल आहे, मानवाला त्याचा किती उपयोग होतो यावर ते अवलंबून नाही. त्याच वर्षापासून १ सप्टेंबर हा सृष्टीच्या जतनासाठी प्रार्थनेचा दिवस म्हणून आपण पाळतो.

त्या दिवशी अनेक धर्मग्रामांत वृक्षारोपण होते. तो स्तुत्य उपक्रम आहे. मात्र नान्नजच्या उदाहरणावरून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. झाडे आवारात, रस्त्याकडेला, शेताच्या बांधावर अवश्य लावावीत, परंतु गवताळ माळ पडीक समजून त्यावर झाडांची गर्दी करू नये. माळढोक, धाविक, काळवीट यांचे घर म्हणजे तो मोकळा माळच होय. सरकारी दप्तरात ज्या जमिनीला पडीक म्हटले जाते, तीही परमेश्वराच्या हिशेबात रिकामी नाही.

सोलापूर परिसरातील भाविकांना पाखरे पाहण्यासाठी दूर जावे लागत नाही. सिद्धेश्वर तलाव, हिप्परग्याचा एकरूख तलाव, नान्नजचे माळ आणि हिवाळ्यात रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात तो उजनीचा जलाशय, ही सारी ठिकाणे जवळच आहेत. पाखरांची मराठी नावे जाणून घ्यावयाची असतील, तर याच सोलापुरात जन्मलेले आणि २०२५ साली येथेच निवर्तलेले अरण्यऋषी मारुती चितमपल्ली यांचा पक्षिकोश हाताशी आहे. धर्मशिक्षणाच्या शिक्षकांनी वर्षातून एक सकाळ मुलांना घेऊन माळावर जावे. सोबत दुर्बीण नसली तरी चालेल. शांतपणे पाहावे, दिसलेल्या पक्ष्यांची नावे वहीत लिहावीत आणि परतण्यापूर्वी निर्माणकर्त्याचे आभार मानावेत.

मिलार्ड यांनी एका मुलाला परत पाठविले असते, किंवा फादर ब्लॅटर यांनी एका नापसंत विद्यार्थ्याकडे दुर्लक्ष केले असते, तर देशाला सलीम अली लाभले असते की नाही, कोण जाणे. आपल्या घरातही एखादे मूल मेलेले फुलपाखरू किंवा पडलेले पीस हातात घेऊन आपल्याकडे येत असेल. त्याला अभ्यासाला बस म्हणून पिटाळू नये. दोन क्षण थांबून ते पीस त्याच्याबरोबर पाहावे. नान्नजच्या माळावर माळढोकाचा आवाज पुन्हा घुमावा अशी आपण प्रार्थना करू या, आणि त्या प्रार्थनेला आपल्या हातून होईल त्या कामाची जोड देऊ या.